तव्यांना कडवं तेल

सुनेनं परवा एक बाटली आणली. अंगठ्याएवढी. तिनं गाणी लावायचं नवं मशीन घेतलंय, विजेवर चालणारं, आणि त्याच्यासाठी मोठमोठ्या, हातात वाकणाऱ्या तबकड्या आणते. बाटलीतल्या पातळ तेलाचे दोन थेंब मऊ ब्रशवर घ्यायचे, फिरत्या तबकडीवर तो ब्रश धरायचा, मग सुईच्या टोकालाही मागून पुढे एकदा फिरवायचा. "यानं धूळ निघते आणि सुई घासत नाही, आई. दोन्ही टिकतात."

मी म्हटलं, "तबकडीला तेल लावू नये."

"हे ते तेल नाही हो. थांबा, तुमचा तो जुना तवा आहे ना ट्रंकेत? तोपण द्या. काकूंनी खराब केलेला. बघू काही सुधारतो का."

मी नाही म्हटलं आणि उठून गेले. कारण सांगितलं नाही. ते इथे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा जसं येईल तसं लिहीन.

त्या तव्यावर माझ्या मोठ्या बहिणीचा आवाज होता. आमच्या घरात गाणं नव्हतं, वडील देवस्थानच्या नोकरीत. शेजारच्या घरी एक म्हातारे गवई मुलींना शिकवायला यायचे, ती भिंतीला कान लावून शिकली आणि पुढे त्यांच्यासमोर बसून शिकली. एका वर्षी बाहेरगावच्या कंपनीची माणसं आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आली, खोली घेऊन राहिली आणि गाणाऱ्यांचे आवाज उतरवून घेऊ लागली. गवयांनी वडिलांना न विचारता तिला नेलं. एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला तराणा. वडिलांनी नाव छापू दिलं नाही. मधल्या कागदी चकतीवर नुसतं 'हौशी गायिका' एवढंच आलं. दोन वर्षांनी ती बाळंतपणात गेली. फोटो एकही नाही. माझ्या लग्नात आईनं तो तवा माझ्या पेटीत साड्यांच्या मधे ठेवला.

तवा हा शब्द सासरचा. माहेरी आम्ही तबकडी म्हणत असू. पण दौलतगंजातल्या सासरच्या घरी सगळे हिंदीसारखं तवाच म्हणत. सासरे दरबारच्या कचेरीत होते आणि त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. मी नवी असताना जाऊबाई म्हणाल्या, "जरा तवा आण," तर मी स्वयंपाकघरातून लोखंडी तवा आणला. सासरे हसून हसून खोकले. पुढे कितीतरी दिवस कोणी पाहुणा आला की जाऊबाई म्हणायच्या, "आमच्या धाकटीला विचारू नका हं, ती भाकरी वाजवील."

सासऱ्यांचे नियम होते. एक सुई एकाच बाजूला वापरायची, मग टाकायची. तवा कडेनं धरायचा. लावण्याआधी फलाटीनच्या कोरड्या तुकड्यानं गोल गोल पुसायचा. दिवाळीला मशीन उघडून स्प्रिंगला घट्ट वंगण, चाकांना शिवणाच्या मशीनचं तेल एक एक थेंब. "तेल मशीनच्या पोटात," ते म्हणायचे, "तव्याच्या तोंडाला नाही." माझ्या बहिणीचा तवा ते वर्षातून दोनदाच लावायचे, तिच्या श्राद्धाला आणि मी माहेरी जाऊन आले की. झिजतो म्हणून. मला त्या वेळी ते कंजूष वाटले.

संस्थान गेलं तेव्हा सासरे जिवंत होते. मग माझ्या नवऱ्याची कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, फायली पेट्यांत भरून माणसं आगगाडीत, असं काही वर्षं चाललं. त्यातच सासरे वारले. मग नवी राज्यं पाडली आणि राजधानी भोपाळला गेली. लोक म्हणाले, ग्वाल्हेर आता नुसतं तहसील होणार. आमचं काय झालं ते सांगते. नवऱ्याच्या हातात हुकूम पडला आणि पंधरा दिवसांत आम्ही एका खोलीच्या क्वार्टरमधे जाऊन पडलो. तिथे पाणी सकाळी अर्धा तास.

सामान न्यायला जागा नव्हती. दौलतगंजात दीर-जाऊ राहिले. आमची चूल वेगळी होती, ती खोली कुलूप लावून ठेवली, किल्ली जाऊबाईंकडे. ग्रामोफोन आणि तव्यांची पेटीही तिथेच. निघताना टांग्यात बसता बसता मी रडले. माणसांसाठी नाही, घरासाठी नाही. जाऊबाईंचा हात धरून म्हटलं, "माझे तवे जपा हो."

"जपीन ग. जीव जाईल पण तवे जाणार नाहीत. चल बस, घोडा उभा राहून राहून कंटाळलाय."

पुढे पावसाळा आला. भोपाळला भिंतींना ओल आली, डब्यात पीठ आंबलं. मला घरच्या दोन लोखंडी तव्यांची आठवण झाली, एक भाकरीचा, एक पोळीचा, आईनं दिलेले. फळीवर उघडेच ठेवून आले होते. गंज चढला की भाकरी धरते. मी कार्ड घेतलं आणि जाऊबाईंना लिहिलं. मुलांची खुशाली, पाण्याची तक्रार, आणि शेवटी एक ओळ: माझ्या तव्यांना कडवं तेल लावून कापडात गुंडाळून ठेवावे, पावसाने खराब होतील. कडवं तेल म्हणजे मोहरीचं. ग्वाल्हेरात आम्ही तसंच म्हणतो.

दिवाळीला रजा घेऊन आलो. जाऊबाई दारातच म्हणाल्या, "तुझं काम केलं बरं का. हात आठ दिवस वास मारत होते."

मला वाटलं, दोन तव्यांना तेल लावायला असा किती वास. मी हसले आणि कौतुक केलं. "तुम्ही होतात म्हणून."

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. आधी वास आला, मोहरीचा, जुना झालेला. प्रत्येक तवा लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. उघडला तर कापड चिकटलेलं. तेल सुकून राळेसारखं झालं होतं आणि त्यात कापडाचे धागे, पेटीतली धूळ, एक मुंगी. छत्तीस तवे. एकेका तव्याला दोन्ही बाजूंनी, एकही रेघ न सोडता, बोटानं चोळून चोळून लावलेलं.

बहिणीचा तवा सगळ्यात चांगल्या कापडात होता. जाऊबाईंच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता तो.

मी मशीनला चावी दिली. सुई टेकवली. दोन फेरे ती नुसती घसरली, मग तिच्या पुढे काळा चिखल जमला आणि आतून सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज आला. पण आवाज होता. भजनाची पहिली ओळ होती. हे मी मुद्दाम सांगते.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अडाणी म्हटलं, जळकी म्हटलं. जाऊबाई आधी समजल्याच नाहीत.

"अगं, तूच लिहिलंस ना?"

"मी लोखंडी तव्यांचं लिहिलं!"

"लोखंडी तव्यांसाठी कोणी कार्ड खर्च करतं? टांग्यात कोणत्या तव्यांसाठी रडलीस? भाकरीच्या?"

"तेल कोणी लावतं का यांना? मामंजी काय सांगायचे?"

"मामंजी गेले. मला वाटलं भोपाळला काही नवं निघालं असेल. राजधानीत राहतेस आता तू." त्या आत गेल्या आणि देवघरातल्या पोथीतून कार्ड घेऊन आल्या. माझ्यासमोर धरलं. "वाच. मोठ्यानं वाच. चौथी पास आहेस ना?"

मी वाचलं. माझंच अक्षर, वेलांट्या चुकलेल्या. तव्यांना. लोखंडी असा शब्द कुठेही नव्हता.

एवढ्यात माझा नवरा मधे पडला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असायचा, सरकारी माणूस. "भांडता कशाला दोघी? तेलच ना? स्पिरिटनं निघेल. दवाखान्यात सुई पुसतात ना, तसं." तो गेला आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून बाटलीभर स्पिरिट घेऊन आला. मी कापूस पिंजून बोळे केले. बहिणीचा तवा आधी घ्या, असं मीच म्हटलं.

तो पुसू लागला. बोळा काळा झाला. दुसरा बोळा, तोही काळा.

"बघ किती मळ होता!" नवरा म्हणाला. "हा तेलाचा नाही, वर्षानुवर्षांचा आहे. बाबा नुसतं कोरडं पुसायचे."

आम्हाला आनंद होत होता. मी बोळे देत गेले, तो पुसत गेला. एक बाजू झाली, मग दुसरी. काळं निघायचं थांबेना. तेव्हासुद्धा आम्हाला शंका आली नाही. ताट भरून काळे बोळे झाले.

ओसरीवर एक सुतार दिरांच्या मेजाला पॉलिश करत होता. हात पुसत दारात आला, ताटाकडे बघितलं, तव्याकडे बघितलं.

"बाबूजी, ये क्या कर रहे हो?"

"साफ कर रहे हैं."

"साफ क्या, ये तो घोल रहे हो." त्यानं आपला डबा दाखवला. "देखो, पॉलिश कैसे बनती है? लाख डालो, स्पिरिट डालो. ये तवा भी लाख का ही है. बाईजी, ये मैल नहीं है. ये तवा ही उतर रहा है."

नवऱ्यानं बाटलीला बूच लावलं. मी सुई बदलली, नवी लावली, सासऱ्यांचा नियम म्हणून, आणि तवा लावला. शीऽऽ असा एकच आवाज, वाफ सुटते तसा. त्याच्या खाली कुठेतरी, दोन घरं सोडून कोणी बोलावं तसं काहीतरी. शब्द नव्हता. उलटा करून लावला. तिकडे तेवढंही नव्हतं.

तेल साबणाच्या पाण्यानं निघालं असतं. हे त्या सुतारानंच सांगितलं, जाता जाता. उरलेले पस्तीस तवे जाऊबाईंनी नंतर एकटीनं धुतले आणि ते पुढे कितीतरी वर्षं वाजले.

आता जे लिहायचं ते. कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर पडलं होतं. जाऊबाई उरलेले तवे परत पेटीत ठेवून मोरीत हाताचं तेल धूत होत्या. मी चहाला आधण ठेवायला माझ्या खोलीत गेले, जाताना कार्ड उचललं आणि चुलीत घातलं. पटकन जळलं. चहा सगळ्यांना दिला. जाऊबाईंनाही दिला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कार्ड कुठंय?"

"कुठलं कार्ड?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या नवऱ्याकडे. "भावजी, तुम्ही होतात ना? हिनं वाचलं ना तुमच्यासमोर?"

नवरा म्हणाला, "वहिनी, मी आलो तेव्हा तुम्ही दोघी ओरडत होतात. मला काही कळलं नाही."

कार्डाचं त्याला सगळं माहीत होतं. पण कार्ड राहिलं तर मग स्पिरिटचीही गोष्ट निघणार होती. जाऊबाईंनी तेल लावलं आणि तवा गेला, एवढंच राहिलं तर ते आम्हा दोघांनाही सोयीचं होतं. आमचा संसार बरा चालला, त्यात हे एक आमचं एकमत होतं. स्पिरिटचा शब्द त्यानं मरेपर्यंत काढला नाही. मीही नाही.

माहेरी मी सांगितलं. आई म्हणाली, "मोठ्या जावा अशाच." सासरच्या माणसांत सांगितलं. भोपाळला शेजारणींना सांगितलं, त्या हळहळल्या. मुलं मोठी झाली तेव्हा त्यांनाही सांगितलं, आणि त्यांनी काकूकडे जाणं कमी केलं. सांगता सांगता गोष्ट चांगली बसली. त्यात मी एक वाक्यही घातलं होतं, की निघताना मी जाऊबाईंना बजावलं होतं, तेल लावू नका म्हणून.

जाऊबाईंनी एकदाही लोकांत उलट सांगितलं नाही. कोण ऐकणार होतं? कार्ड नव्हतं. लग्नकार्यात भेटल्या की हळदीकुंकू लावताना मात्र हळूच विचारायच्या, "काय ग, लोखंडी तवे बरे आहेत ना? गंज नाही ना चढला?" मी म्हणायची, "बरे आहेत." त्या माझ्या कपाळावर कुंकू जरा जास्तच दाबून लावायच्या.

नवरा निवृत्त झाला आणि आम्ही ग्वाल्हेरला परत आलो, थाटीपुरला घर घेतलं. दौलतगंज टांग्यानं अर्ध्या तासावर. मी वर्षातून एकदा जायची, संक्रांतीला. त्या आजारी पडल्या तेव्हा दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्या जाग्या होत्या, शुद्धीत होत्या, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सांगू शकले असते. मी मोसंबी सोलून दिली. त्या म्हणाल्या, "शालूचा तुकडा तरी परत दे." मी म्हटलं, शोधते. तो माझ्या ट्रंकेतच होता, त्या तव्याभोवती. अजून आहे. पाच दिवसांनी त्या गेल्या.

सून आज सकाळी परत म्हणाली, "आई, काकूंनी एवढं तेल लावलंच कसं? कोणाला न विचारता?"

मी म्हटलं, "लावलं."

तिनं मान हलवली आणि बाटलीतले दोन थेंब ब्रशवर घेतले. मी दुपारी तिच्या टेबलावरची वही घेतली आणि लिहायला बसले. संध्याकाळी ती वही उघडेल तेव्हा वाचेल. मुलगाही वाचेल. वाचू दे.

त्या कार्डावर शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा कोरी होती. मला दिसते अजून. लोखंडी हा शब्द तिथे मावला असता.