जागृतीचं शिफारसपत्र

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेलं असं काही या जगात असू शकतं, यावर पालघर तालुक्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पुरात वाहून चाललेली म्हैस खांद्यावर घेऊन सूर्या नदी पार केल्याची गोष्ट माझी. आमच्या केळव्याच्या वाडीतल्या एका चिकूला एका मोसमात इतकं फळ लागलं की झाड दमून खाली बसलं — माणूस बसतो तसं, मांडी घालून — हीसुद्धा माझीच. लग्नात, मयतात, स्टाफरूममध्ये, लोक खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसतात. सगळ्यांना सगळं सांगून झालं. हे एक राहिलं. बायकोलाही नाही.

गंमत बघा, एवढ्या थापा मारल्या, पण कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. ज्या एका गोष्टीनं मी एका मुलीला कायमचं बसवलं, ती शंभर टक्के खरी होती. एका शब्दाची. पण थांबा, असं एकदम नाही सांगता येत.

मी पालघरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. जागृती माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. दातिवऱ्याची. बाप होडीवर, आई सुकी मासळी घेऊन सफाळ्याच्या बाजारात बसायची. मुलगी बारीक, काळीसावळी, बोलायला लागली की प्रत्येक वाक्य आधी वजन करून घेणारी. दोन वर्षांत तिनं एक बीकर फोडला आणि तो मला येऊन सांगितला. कोण सांगतं हो? आमच्याकडं फुटलेलं काचसामान सिंकखाली ढकलायची पद्धत आहे.

तिनं प्रोजेक्टला विषय घेतला बोंबील. मी हसलो. वर्गासमोर हसलो. म्हटलं, “अगं, बोंबलाचं रसायनशास्त्र? उद्या कोणी जवळ्याचं गणित काढेल!” सगळे हसले. ती पण हसली. आणि मग तिनं शांतपणे सांगितलं की दोरीवर सुकत घातलेला बोंबील एखाद्या वर्षी आठ दिवसांत बुरशी धरतो आणि एखाद्या वर्षी वर्षभर टिकतो, आणि असं का, ते तिच्या गावात कुणालाच सांगता येत नाही. हवा, मीठ, वाळू — काय बदलतं? तिनं मोजायला सुरुवात केली. मी सही करत गेलो.

पुढं तिला समजलं की नॉर्वेतही मासे असेच उघड्यावर टांगून सुकवतात. लाकडी मांडवावर, थंड वाऱ्यात. प्रयोगशाळेत येऊन मला मोबाइलवर फोटो दाखवला. “सर, बघा ना, आमच्यासारखंच हाय! फक्त मासा मोठा आन् माणसं गोरी!” तिकडच्या एका विद्यापीठात यावरच काम चालतं. आणि तिथं पीएच.डी.ला न्यायला एक फेलोशिप आहे — नाव घेत नाही — जी आपल्याकडच्या मुलांना युरोपात घेऊन जाते. सगळा खर्च त्यांचा.

आता ही फेलोशिप. हिच्याबद्दल माझी एक गोष्ट होती. माझी सगळ्यात चांगली गोष्ट. तरुणपणी मला हीच फेलोशिप मिळाली होती, जर्मनीला जायची, आणि वडील आजारी पडले म्हणून मी ती सोडली. पहिल्या वर्षी सांगितली तेव्हा मी पालघर स्टेशनवरून परत आलो होतो. दोन-तीन वर्षांत मी विमानतळावरून परत यायला लागलो. मग विमानाच्या शिडीवरून. अलीकडं तर विमान धावपट्टीवर पळायला लागलेलं असायचं आणि मी पायलटला थांबवायचो. कॉलेजच्या वार्षिक अंकात ती छापूनही आली. नव्या प्राचार्यांनी माझी ओळख करून देताना तीच सांगितली. या गोष्टीवर माझं कॉलेजातलं सगळं वजन होतं हो. बाकी काय होतं माझ्याकडं?

खरं काय होतं? अर्ज भरला होता. पाठवला नाही. नकार आला तर — या भीतीनं. पाकीट कपाटात ठेवलं आणि वाळवीनं खाल्लं. एवढंच.

जागृती ती गोष्ट अक्षरन् अक्षर खरी मानायची.

तिनं शिफारसपत्र मागितलं. आता हे तुम्हाला ठाऊक असेल, कॉलेजात शिकला असाल तर. आमच्याकडं शिफारसपत्र सर लिहीत नाहीत. विद्यार्थी लिहितो. “तूच लिहून आण, मी सही ठोकतो” — हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेत कुणी उठवलं तरी तेच म्हणेन. मलाही माझ्या सरांनी असंच सांगितलं होतं. यात कुणाला पाप वाटत नाही. हजेरी लावण्यासारखं ते एक काम.

तिला मात्र घाम फुटला. स्वतःबद्दल स्वतः कसं लिहायचं? पहिल्यांदा लिहून आणलं त्यात होतं : उमेदवार नियमित येते, वेळेवर जाते, उपकरणं धुऊन ठेवते. मी कागद टेबलावर आपटला.

“ही काय मोलकरीण ठेवायची आहे का त्यांना? जरा फुगव. आई बाजारात बसते तेव्हा गिऱ्हाइकाला सांगते का, बाई, माल बरा हाय, नियमित हाय?”

“आई खोटं नाय बोलत, सर. वास घ्यायला देते.”

असं उत्तर. आणि चेहऱ्यावर अजिबात उद्धटपणा नाही. मला तेव्हाच राग आला होता का? आला असावा.

तिनं चार वेळा लिहिलं. चौथं पत्र उत्तम होतं. खोटं एकही नाही, आणि तरी वाचताना मलाच वाटलं, अरे, ही मुलगी आपल्या हाताखाली होती? शेवटी एक वाक्य होतं. ‘मी स्वतः या फेलोशिपसाठी निवडला गेलो होतो, त्यामुळे संस्थेला कसा उमेदवार हवा हे मी जाणतो.’ मी वाक्य खोडलं. म्हटलं, “आत्मस्तुती नको.” तिला ते फार मोठेपणाचं वाटलं. डोळे भरले तिचे. आणि मग ती म्हणाली, “सर, त्यांच्या साइटवर जुन्या निवडलेल्या लोकांची यादी हाय. ज्यांनी सोडली त्यांची पण. मी सगळी बघितली. तुमचं नाव राहिलंय. मी तिकडं गेले ना, की पयलं हापिसात जाऊन ते नीट करून घेते.”

पहिलं काम. तिकडं पोचल्यावर. थंडीचे कपडे घ्यायच्याही आधी.

मी हसलो. सही केली, शिक्का मारला, त्यांच्या संकेतस्थळावर पत्र चढवलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं — असं म्हणू का? नाही. होतं. ती निवडली जाणार नाही, अशी माझी खात्री होती. दातिवऱ्याच्या बोंबलाला कोण नेतं नॉर्वेला?

तिची मुलाखत झाली, आमच्याच प्रयोगशाळेत, लॅपटॉपसमोर. पलीकडचे तिघे अर्धा तास बसणार होते, सव्वा तास बसले. निवड झाली. फक्त शिफारस करणाऱ्यांकडून पडताळणी राहिली होती, तीही नावापुरती. दातिवऱ्यात ही बातमी माझ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा वेगानं फिरली. तिच्या आईनं बोईसरच्या बाजारातून जाड जॅकेट आणलं आणि ते भर उन्हात लेकीला घालून शेजारणींना दाखवलं. स्टाफरूममध्ये फिजिक्सचे सर म्हणाले, “काय हो, आता तुमच्यानंतर ती. पण ती जाणार मात्र!” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

दुसऱ्या आठवड्यात मला मेल आला. दुपारी, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत. एक फॉर्म. उमेदवाराला किती वर्षं ओळखता, वगैरे. पाचवा प्रश्न — ‘हे पत्र लिहिण्यात उमेदवाराचा काही सहभाग होता का?’ होय. नाही.

या प्रश्नाला आपल्याकडचा कुठलाही मास्तर डोळे मिटून ‘नाही’ म्हणेल. विचारसुद्धा करणार नाही. मी तर थापांचा बादशहा. एक थाप. आयुष्यभर फुकट मारल्या, तशी एक कुणाच्या तरी कामाची.

मी ‘होय’ दाबलं.

खाली तपशिलासाठी रकाना होता. तो भरायची सक्ती नव्हती. मी भरला. लिहिलं — उमेदवारानं पत्र तयार करूनच आणलं होतं आणि मी विश्वासानं सही केली. आपल्या संस्थेशी प्रामाणिक राहणं मला माझं कर्तव्य वाटतं. मीच तिला लिहायला लावलं, चार वेळा लिहायला लावलं, हे नाही लिहिलं. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. मला वीस मिनिटं पुरली. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा फॉर्म गेलेला होता आणि चहा मला गोड लागला. हे लिहायलाच हवं. बरं वाटलं. खूप दिवसांनी कुठलातरी दरवाजा आतून नीट लागल्यासारखं.

तिला आठ दिवसांनी कळवलं गेलं. शिफारसपत्र अर्जदारानं स्वतः लिहिल्याचं पडताळणीत आढळलं, निवड रद्द, यापुढं अर्ज करता येणार नाही. कुणी सांगितलं, ते लिहिलेलं नव्हतं.

ती धावत माझ्याकडं आली. “सर, त्यांना कसं कळलं?”

आता इथं मी परत माझ्या धंद्यावर आलो. म्हटलं, कॉम्प्युटर असतो गं त्यांच्याकडं. तुझ्या अर्जातली वाक्यं आणि पत्रातली वाक्यं जुळवतो. एक वाक्य जुळलं की खेळ संपला. तुला म्हटलं होतं ना, भाषा बदल? — म्हटलं नव्हतं. पण तिनं आठवायचा प्रयत्न केला, मी पाहत होतो, आणि तिला ते आठवलंसुद्धा. हो सर, तुमी बोलला होता, म्हणाली. एवढा विश्वास. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, “तुझं जाऊ दे. मला पण पत्र आलंय त्यांचं. इतक्या वर्षांत माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.”

तिचा चेहरा कसा झाला, ते सांगता येत नाही. मला, मला सांगता येत नाही.

त्या रविवारी मी दातिवऱ्याला गेलो. सांत्वनाला! कुणी बोलावलं नव्हतं. मला प्लास्टिकची खुर्ची दिली, तळलेली मांदेली दिली. आई जमिनीवर बसली, पदर तोंडाला लावून. “मास्तर,” ती म्हणाली, “पोरीनं तुमच्या नावाला बट्टा लावला. आमी अडाणी माणसं. तुमी मोठं मन करा.” मग लेकीला म्हणाली, “पाया पड सरांच्या.” जागृती पडली. पाठीवर वेणी, आणि खाली वाकलेली ती तशीच राहिली, मी काही म्हणेपर्यंत. मी आधी दोन मांदेली संपवली. मग म्हटलं, “ऊठ. चुका होतात. मी माफ केलं.”

आईनं हात जोडले. बाप दारात उभा होता, त्यानं मान डोलवली. निघताना मला सुक्या बोंबलांची मोठी पिशवी दिली. आम्ही ते पावसाळाभर खाल्ले. उत्कृष्ट होते.

त्याला आता सहा वर्षं होतील. जागृती कुंभवलीच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, पाळीवर. दर तासाला टाकीतला नमुना आणायचा, आकडा वहीत लिहायचा. बोईसरला आणखी एका मुलीबरोबर एक खोली घेऊन राहते. गुरुपौर्णिमेला मला न चुकता फोन करते.

गेल्या महिन्यात बोईसर स्टेशनबाहेर दिसली. पाळीची बस आली होती, माणसांचा लोंढा उतरत होता, “चलो चलो, एक सीट!” असा रिक्षावाल्यांचा गोंगाट. तिच्या अंगाला कारखान्याचा तो कुजक्या लसणासारखा वास. मला पाहून धावत आली. चौकशी झाली. मी आपलं सहज म्हटलं — सहज? — दुसऱ्या किती फेलोशिपा आहेत, भर की कुठला तरी अर्ज.

“सगळीकडं एक प्रश्न असतो, सर,” ती म्हणाली. “आधी कुठला अर्ज रद्द झाला होता का. तिथं ‘नाय’ कसं लिहू?”

मी काही बोललो नाही. मी! तिला वाटलं मी जुन्या गोष्टीनं दुखावलोय. तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि एवढ्या गर्दीत माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, “तुमी अजून मनात तर नाय ना ठेवलं?”

“छे गं,” मी म्हटलं. “केव्हाच विसरलो.”

तिला फार बरं वाटलं. खांदे खाली आले, चेहरा मोकळा झाला, हसली. रिक्षात बसून हात हलवत गेली. मी तिला बरं वाटताना शेवटपर्यंत पाहिलं.