दोन डंडीवाली लढाई

सासऱ्यांना परदेशी युद्धपट दाखवायची कल्पना माझीच होती. हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण मी नाही केलं तरी बायको करणारच आहे.

माझे सासरे म्हणजे सुभेदार मामा. फौजेतून निवृत्त होऊन पिशोरला शेती करतात. माणूस सहा फुटी, मिशा पांढऱ्या, आवाज असा की गोठ्यात बोलले तर रस्त्यावरची म्हैस थांबते. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं नव्हतं. (ठरलेलं होतं, पण ते सुनंदा मला सांगत नव्हती.) कुणी विचारलं, "जावई काय करतात?" की ते म्हणायचे, "नोकरी हाय. आन् ऐतवारी शिनेमे बघतात." दुसरं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, घरात कुणाला फिट येत असल्यासारखा.

आता मी काही नुसते सिनेमे बघत नव्हतो! आमच्या उस्मानपुऱ्यातल्या फिल्म मंडळाचा मी चिटणीस होतो. सभासद चाळीस, येणारे अठरा, जागे राहणारे नऊ. दर महिन्याला एका शाळेच्या सभागृहात आम्ही जगातला एखादा थोर सिनेमा दाखवायचो. सुरुवातीला मी त्याचा परिचय करून द्यायचो आणि शेवटी अध्यक्ष गोसावी सर तो सगळ्यांना कसा कळला नाही ते समजावून सांगायचे.

त्या महिन्याला एक युद्धपट आला. दिग्दर्शक मोठा विक्षिप्त, त्याची चौकट न् चौकट रांगोळीसारखी आखीव. मी सुनंदाला म्हणालो, "मामांना बोलाव. युद्धाचा सिनेमा आहे. बघू देत की, आपला जावई काय दर्जाचं काम करतो ते!"

"तुम्ही पाहिलाय का तो?" सुनंदानं विचारलं.

"त्याच्यावर तीन लेख वाचलेत."

"पाहिलाय का?"

"अगं, असे सिनेमे पाहायचे नसतात, समजून घ्यायचे असतात!"

रविवारी चार वाजता मामा हजर. अंगात कोट, कोटावर पदकं, मागे हातात धपाट्यांचा डबा घेतलेल्या मामी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि स्टेजमागे भाषणाची उजळणी करू लागलो. तेवढ्यात यंत्र चालवणारे अन्वरभाई आले.

"साब, एक डंडीवाली लगाऊँ कि दो डंडीवाली?"

मला वाटलं, ते माइकचं विचारताहेत. स्टेजवर एक दांडी उभी करू की दोन? गोसावी सरही बोलणार होतेच.

"दो डंडी, अन्वरभाई! दो डंडी!"

"पक्का?"

"हौ, पक्का!"

सिनेमा दोन तबकड्यांवर होता. एकीवर रोमन एक लिहिलेला, म्हणजे एक उभी डंडी. दुसरीवर दोन, म्हणजे दोन डंड्या. हे मला पावणेदोन तासांनी कळलं. मामांना मात्र माझ्याआधी कळलं.

माझं भाषण छान झालं. स्वतःचं म्हणून सांगत नाही, पण दोघांनी वहीत टिपून घेतलं. मी म्हणालो, "मित्रहो, आज आपण शोकाला सामोरे जाणार आहोत. या चित्रपटात हसण्याजोगं काहीही नाही. यातला पिवळा रंग म्हणजे मृत्यू, गुलाबी रंग म्हणजे मृत्यूची चाहूल आणि शांतता म्हणजे..." इथं मला पुढचं आठवेना, म्हणून मी शांत राहिलो. त्यालाच टाळ्या पडल्या.

दिवे गेले. नाव नाही, गाव नाही, सिनेमा एकदम सुरू झाला तोच सेनापतीच्या अंत्ययात्रेनं. शवपेटी अंगापेक्षा आखूड. सेनापतीचे चकचकीत बूट बाहेर आलेले. बँडमास्तरला टोपी ठेवायला जागा मिळेना, म्हणून त्यानं ती मयताच्या उजव्या बुटावर अडकवली आणि वाजवायला लागला.

सभागृहात गंभीर शांतता. गोसावी सरांनी हनुवटीला हात लावला. आणि पहिल्या रांगेतून मामा असे हसले की खुर्ची करकरली!

मी शेजारच्या खुर्चीवरून वाकून कुजबुजलो, "मामा, हळू! हे गंभीर आहे."

"गंभीरच हाय की!" मामा डोळे पुसत म्हणाले. "म्हणून तर हसू येतंय."

पुढं एक कारकून आला. तो एका मेलेल्या सैनिकाला पुरू देईना, कारण कागदोपत्री तो सैनिक रजेवर होता आणि रजेवरच्या माणसाला लढाईत मरायची परवानगी नव्हती. मामांनी मांडीवर थाप मारली. (मांडी माझी होती.) मामी म्हणाल्या, "मेलं काय ते कागद! आधी त्याच्या आईला तर कळवा." मागून "शूऽऽ" आलं. मामी मागं वळल्या आणि "शूऽऽ"वाल्याला एक धपाटं दिलं. तो खाऊ लागला, मग त्याच्या शेजारचाही. थोड्या वेळानं मृत्यूच्या पिवळ्या रंगावर लसणाच्या चटणीचा वास पसरला.

तासाभरानं पडद्यावर नावांची यादी सरकली आणि दिवे लागले. इतक्या लवकर संपला? मला घाम फुटला. पण अन्वरभाई ओरडले, "इंटरवल!" आणि माझ्या जिवात जीव आला.

"मध्यंतराआधीच श्रेयनामावली!" गोसावी सर भारावून म्हणाले. "काय धाडस आहे!"

"हीच तर त्याची खासियत," मी म्हणालो. आपण काय बोललो ते मलाच कळेना, पण सरांनी मान डोलावली म्हणजे बरोबर असणार.

मध्यंतरानंतर सिनेमाचं नाव आलं. मग दिग्दर्शकाचं. मग एका तंबूत, गुलाबी टेबलावर, मघाशी पुरलेला सेनापती उकडलेलं अंडं सोलताना दिसला.

"अग्गो बाई!" मामी म्हणाल्या. "ह्यो तर मेला व्हता!"

"मामी, ही काळाची मोडतोड आहे," मी सांगितलं.

"पुनर्जन्माचं रूपक!" मागून गोसावी सर.

पंधरा मिनिटं गेली. रजेवरचा मेलेला सैनिक रजेचा अर्ज लिहू लागला. सेनापतीनं समोरची टेकडी जिंकायचा हुकूम दिला. ती टेकडी आम्ही सगळ्यांनी तासाभरापूर्वी हातची जाताना पाहिली होती. मामा आता हसत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. मग ते उभे राहिले, सावली पडद्यावर पडली, सेनापतीच्या अंगावर पदकं उगवली आणि गोठ्यातला आवाज सभागृहात घुमला:

"ओ अन्वरभाई! तबकडी उलटी लागली का वो?"

"मैं क्या करूँ सुभेदारसाब!" अन्वरभाई अंधारातून कळवळले. "मैं तो दो-दो बार पूछा! साबच बोले, दो डंडी, पक्का!"

दिवे लागले. अठरा माणसं माझ्याकडं वळली. (त्या दिवशी अठराच्या अठरा जागी होती, हेही माझंच नशीब.) ज्या दोघांनी वहीत टिपलं होतं, त्यांतला एक पानावर शांतपणे काट मारत होता. गोसावी सरांनी पुनर्जन्माचं रूपक सोडून दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "चिटणीस, तुम्ही हा चित्रपट पाहिला होता ना?"

मी सुनंदाकडं पाहिलं. ती छत पाहत होती. बारा वर्षांचा संसार, पण त्या क्षणी ती पूर्ण पिशोरची होती.

आणि मामा माझ्या मदतीला धावले! म्हणाले, "जावयाचं काय चुकलं नाय, साहेब. लढाईत असंच असतंय. आधी माणूस मरतो, मंग हुकूम येतो."

कुणी हसलं नाही. गोसावी सरांनी हनुवटीवरचा हात काढला आणि म्हणाले, "सुभेदार, जरा पुढं येऊन बोलता का?"

मामा स्टेजवर गेले. माइकला हातही लावला नाही, गरज नव्हतीच. म्हणाले, "आमाला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाय. पण हुकूम देणाऱ्याचं तोंड वळखता येतं. आमी बर्फात व्हतो. आमच्या साहेबानं खाली कळवलं, चाळीस कांबळी पाठवा. अकरा दिवसांनी गठ्ठे आले. उघडले तर मच्छरदाण्या! वर चिठ्ठी, हिवतापापासून जपा."

आता मात्र सभागृह फुटलं. गोसावी सरांसकट सगळे हसत होते. मामाही हसले. मग म्हणाले, "लई हसलो आमी तवा. दोघंजण थंडीनं गेले. त्यान्ला त्याच मच्छरदाणीत गुंडाळलं. दुसरं कायबी नव्हतं." मग त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "ह्या शिनेमावाल्याला कुणीतरी खरं सांगितलंय. आता पयली तबकडी पुरी लावा, नंतर दुसरी. सरळ बघू."

आणि आम्ही सगळा सिनेमा परत, सरळ पाहिला. अठरा जणांतला एकही उठला नाही. मामांनी मान हलवली की लोक हसत, ते गप्प झाले की गप्प होत. पिवळ्या रंगाचं कुणी नाव काढलं नाही. कोपऱ्यातला भूगोलाचा मास्तर तर चक्क रडला, आणि तो मंडळात फक्त चहासाठी येतो.

बाहेर मामांना माणसांचा गराडा पडला. पुढच्या सिनेमाचा परिचय त्यांनीच करून द्यावा, असं गोसावी सरांनी मला न विचारता ठरवलं. मी मुकाट्यानं खुर्च्या लावत होतो, तेव्हा मामा जवळ आले. खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा!

"जावईबापू, खरं सांगा. शिनेमा न बघताच तेवढं भाषण ठोकलंत का?"

"हो मामा," मी मान खाली घालून म्हणालो.

मामांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

"फौजेत आला असता ना, तर लई वर गेला असता. आमचे समदे मोठे साहेब तुमच्यासारखेच व्हते."

मला भरून आलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो, घरी येताना वाटेत पेढे घेतले आणि शेजारी चार घरी वाटलेसुद्धा. पाचव्या घराच्या पायरीवर सुनंदानं मला मामांच्या त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगितला.