उत्तरेकडची भिंत

नोरीन ड्रिंग कुठल्याही घरात पुढच्या दाराने जात नसे. आमच्या लिंकनशायरच्या खेड्यांत पुढचं दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. बाकीच्यांनी मागून यायचं. मनगटात ती टपालाचे गठ्ठे बांधायचे लाल रबर घालायची, नोकरी सुटून नऊ वर्षं झाली तरी. भिंत दिसली की बोटं वळवून ठोकायची, दवाखान्यातसुद्धा. मनुकांच्या पावावर चीज ठेवून खायची आणि पावाचा कागद घडी घालून खिशात टाकायची. रस्ता सांगताना म्हणायची, "गिरणीपाशी डावीकडे वळ." गिरणी माझ्या आईच्या लहानपणीच पाडलेली. गाडी थांबवली की इंजिन बंद करून पाच मिनिटं तशीच बसून राहायची. मला वाटायचं, काहीतरी विचार करतेय. ती दमलेली असायची.

मी साहित्याची पदवी घेऊन परत आले आणि गावच्या ग्रंथालयात लागले. नोरीन तिथे बुधवारी यायची. ती एकोणसत्तर वर्षांची, मी चोवीसची. मैत्री कशी झाली ते आता आठवत नाही. तिला जिल्ह्याचे जुने नकाशे हवे असायचे आणि ते वरच्या फळीवर होते.

एकतीस वर्षं तिने सायकलवर आणि मग गाडीतून टपाल वाटलं. वाटेत जी जी जुनी इमारत होती, किंवा होती असं कुणी सांगितलं, तिचं एक कार्ड केलं. हवेल्या, प्रार्थनाघरं, पवनचक्क्या, कबुतरखाने आणि मातीची घरं. लाकडाच्या सांगाड्यावर पट्ट्या ठोकायच्या आणि त्यावर गवत मिसळलेली माती थापायची, अशी घरं आमच्याकडे शेकड्यांनी होती. आता बोटांवर मोजण्याइतकी. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर एकच शब्द: उभं, नाहीतर पाडलं. अकराशे चाळीस कार्डं, बुटांच्या खोक्यांत. जिल्हा कचेरीने त्यांची प्रत करून घेतली होती. तिला त्याचा अभिमान होता, पण ती तसं बोलायची नाही.

मार्चमध्ये ग्रंथालयात एक नोटीस आली. स्कॅल्बी फेनमधलं ऑडलिंगांचं विटांचं घर पाडून दोन नवी बांधायची होती. खाली लिहिलं होतं: जागेवरचं मूळ मातीचं घर पूर्वीच नष्ट, आधार, ड्रिंग सूची, १९८३. तसं जुनं घर उभं असेल तर पाडता येत नाही. हरकतीची मुदत पुढच्या महिन्यातल्या बारा तारखेपर्यंत, शुक्रवार.

मी कौतुकाने तिला दाखवलं. "बघ, तुझं नाव."

तिने वाचलं. खुर्ची ओढून बसली.

"त्या घरात मी कधी गेलेच नाही," ती म्हणाली. "पत्रांचा डबा फाटकावर होता. रस्त्यावरून विटा दिसल्या, मी लिहून टाकलं. आणि पोरी, विटा बाहेरूनही चढवतात. मातीच्या भिंतीला अंगरखा घातल्यासारख्या. हे मीच लोकांना सांगत फिरते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मागच्या दाराने. क्लाइव्ह ऑडलिंग पन्नाशीचा. घर त्याच्या काकाचं, त्याच्याकडे आलेलं. तो दारात उभा राहून हसला.

"काय पोस्टबाई! तुमच्या कार्डावर तर घर पडलंय. पडलेल्या घरात चहा प्यायला आलात?"

"चहा अजून मागितलेला नाही. पण टाक."

"आत येऊन काय करणार?"

"भिंत ठोकणार. तुझ्या काकाचा तो कुत्रा नसता तर तेव्हाच ठोकली असती. पायाला चावला होता. खूण दाखवू?"

"नको बुवा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

खिडकीच्या कट्ट्यावर तिने हात ठेवला. कोपरापर्यंत आत गेला; नुसत्या विटांची भिंत एवढी जाड नसते. मग भिंत ठोकली. आवाज बसका, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. जिन्याखालच्या कपाटात गिलावा पडला होता. तिथे माती होती, तिच्यात गवताच्या काड्या, आणि मागे लाकडी पट्ट्यांच्या कडा. नोरीन जमिनीवर बसली. क्लाइव्ह वाकून बघू लागला.

"म्हणजे आता माझं सगळं अडलं," तो म्हणाला.

"हो. चूक माझी, भुर्दंड तुला. साखर दोन चमचे."

त्याने साखर घातली. पुढे मोजमापं घ्यायलाही नाही म्हणाला नाही. नंतर मला एकटीला म्हणाला, "त्या बाईला नाही म्हणायचं म्हणजे पत्रं बंद झाल्यासारखं वाटतं."

कचेरीतल्या माणसाने फोनवर सांगितलं, तुमच्या सूचीविरुद्ध तुमचाच नुसता शब्द चालणार नाही. चारी भिंतींची मोजमापं घेऊन नकाशा आणा. मी तिला म्हटलं, कार्ड तरी आज दुरुस्त कर. ती म्हणाली, "एकदा न बघता लिहिलं, तेवढं पुरे. चारी भिंती कागदावर आल्या की खोडेन."

तीन आठवडे आम्ही जात होतो. मी टेपचं टोक धरायचे. ती आकडा वाचायची आणि स्वतःच लिहायची. दक्षिण झाली, पूर्व झाली, पश्चिम झाली. गाडीत बसायची पाच मिनिटं दहा झाली, मग वीस. मी एकदा विचारलं, "मी लिहू का आज?"

"तू टोक धर."

उत्तरेला पत्र्याची पडवी होती आणि कमरेइतकी, हात लागला की आग होणारी नेटलची झुडपं. वरच्या तुळईपर्यंत पोचायला शिडी हवी होती. सोमवारी आम्ही नुसतं बघून परत आलो.

"बुधवारी," ती म्हणाली. "क्लाइव्हकडे शिडी आहे. आज माझ्याच्याने नाही होणार."

मंगळवारी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. नोरीन खुर्चीतच गेली होती. पायात बूट होते.

मला रडू आलं नाही. गुरुवारी मी अपुराच नकाशा कचेरीत नेऊन दाखवला. त्या माणसाने बराच वेळ बघितला, मग स्वतः जाऊन जिन्याखालचं कपाट उघडून आला. घर पाडायला सहा महिन्यांची मनाई मिळाली. तेवढ्यात नकाशा पुरा करा, म्हणाला.

नोरीनला तिच्या घराच्या पुढच्या दारातून बाहेर आणलं. दार फुगून बसलं होतं. क्लाइव्हने खांदा लावून उघडलं.

खोकी आता माझ्याकडे आहेत. ऑडलिंगांच्या कार्डावर अजून पाडलं असंच आहे. नकाशाही माझ्याकडे आहे, शिसपेन्सिलीतला. तीन बाजूंना तिचे बारीक, उभट आकडे. चौथ्या बाजूला नुसती रेघ, आणि रेघेखाली: शिडी. हातमोजे, दोघींना.