माझ्या नावाची पहिली बातमी

माझा धाकटा भाऊ इंजिनियर झाला तो माझ्या डाळिंबांवर. हे वाक्य मी घरात इतक्यांदा बोलले आहे की आता ते कुणी कानावर घेत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

तेलगावकडून धारूरला जाताना आमचा फाटा लागतो. तिथे अब्बांचा फळांचा गाडा. मी दहावीला होते तेव्हा अब्बांचे गुडघे गेले आणि गाड्यावर मी उभी राहिले. बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. सकाळी अडत्याशी भांडायचं, दुपारी गिऱ्हाइकाशी, आणि पोलीस फुकट केळी मागायला आला की त्याच्याशी. गाडा वाढला, वरती पत्रा आला, पुढे रसाचं मशीन आलं. यातलं काही मला कुणी दिलेलं नाही. घरातला शब्द होता की भावाचं झालं की तुझं. भावाला पुण्यात नोकरी लागली, त्याने मोटरसायकल घेतली, आणि त्या शब्दाबद्दल कुणी तोंड उघडेना.

मग मीच अब्बांसमोर बसले. घरात आम्ही दखनी बोलतो.

"क्या पढ़ना है तेरेकू?"

"न्यूजवालों का," मी म्हणाले. "बीड में कॉलेज है."

अब्बांनी बराच वेळ गुडघा चोळला. लहानपणापासून मी त्यांचं भाव करणं पाहिलेलं आहे. गप्प बसतात तेव्हा ते आकडा ठरवत असतात.

"एक साल. पेपर में तेरा नाम छपके आया तो आगे पढ़. नहीं आया तो गाडा है, और मामू ने लाया वो रिश्ता है."

मला वाटलं, स्वस्तात सुटले. वर्षात एक बातमी, खाली माझं नाव. गाड्यावर उभं राहून मी रोज बातम्या ऐकत होते. नाव छापून आणणं ही काय मोठी गोष्ट.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या क्लार्कने माझी कागदपत्रं उलटसुलट केली आणि विचारलं, "या कोर्सला कावून आलात? बी.ए. घ्या की साधं." मी म्हणाले, तुमच्या पाटीवर हा कोर्स लिहिलाय, म्हणून आले, नसेल तर पाटी उतरवा. त्याने मुकाट्याने शिक्का मारला. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला पहिल्या दिवशी वर्गात कळला. हजेरीत नावं भरपूर होती आणि बाकांवर आम्ही पाच-सहा जण. एक मुलगा वसतिगृहाची जागा टिकावी म्हणून आलेला, एक स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला. स्टुडिओ म्हणून एक खोली होती. तिथे निळा पडदा लावलेला, आणि स्टँडवर एक कॅमेरा, ज्याची बॅटरी मी येण्याच्या कितीतरी आधीच मेलेली होती. खोली मात्र रोज झाडली जायची.

शिकवायला एकच सर, तासिका तत्त्वावरचे. माणूस चांगला होता. मोटरसायकलवरून गेवराईकडून यायचे, धूळ झटकून उभे राहायचे आणि समोर पाच पोरं असली तरी पन्नास असल्यासारखे बोलायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, "तुमच्या गावात अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्हाला रोज दिसते आणि पेपरवाल्याला कधीच दिसत नाही? ती लिहून आणा."

मला विचार करावा लागला नाही. आमच्या फाट्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. बांधलं तेव्हा आमच्या भागातल्या पुढाऱ्याने, ज्याला सगळे साहेब म्हणतात, फीत कापली होती. पेढे वाटले. त्या संध्याकाळी दाराला जे कुलूप लागलं ते लागलं. आत साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरच्या लोखंडी चौकटी ठेवलेल्या असतात. किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो माणूस चौकटी काढायच्या असल्या तरच येतो. म्हणून फाट्यावर बसणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी स्वतः उन्हाळ्यात रसाच्या मशीनपुढे कोरड्या तोंडाने उभी राहायला शिकले. शेजारी भाजी घेऊन बसणारी मावशी आहे, नांदूरघाटाकडची. ती एकदा चक्कर येऊन पडल्यावर डॉक्टरने तिला पाणी प्या म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "पिते की. घरी गेल्यावर."

हे सगळं मी लिहिलं. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. स्पर्धा परीक्षेवाल्याने पुस्तक मिटलं. सर म्हणाले, "ही बातमी आहे. ही छापून आली पाहिजे." आणि त्यांच्या ओळखीच्या संपादकाकडे मला पाठवलं.

संपादकाचं ऑफिस बीडच्या बसस्टँडजवळ, मोबाईलच्या दुकानावर. एक साप्ताहिक आणि एक यूट्यूब चॅनेल, दोन्ही तिथूनच चालायचं. संपादकाने माझे कागद शांतपणे वाचले. वाचताना मान हलवली. मग म्हणाला, "ताई, हात चांगला आहे तुमचा. घर कुठं म्हणालात? तो पूर्ण रस्ता तुमच्या ओळखीचा असंल."

"प्रत्येक दुकानदार ओळखतो."

"भांडण करून ओळख, का प्रेमानं?"

"भांडूनच. तीच टिकते."

तो हसला. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी निघायची होती आणि त्या रस्त्यावरच्या जाहिराती आणायला त्याच्याकडे माणूस नव्हता; त्या मी आणाव्यात, असं तो म्हणाला. मला चिडायला वेळ लागत नाही. मी उठलेच होते. मी फळं विकायचं सोडून इथे आले ते पेपरातली जागा विकायला नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्यात सगळे दोन्ही करतात. तुमचे सर पण करायचे. विचारा त्यांना."

मी परत बसले. पुरवणीचा अंक फुकट वाटतात, प्रत्येक टपरीवर, प्रत्येक सलूनमध्ये. तो अब्बांच्या हातात पडणार होता. मी म्हणाले, "जाहिराती आणते. पण माझी स्वच्छतागृहाची बातमी त्याच अंकात, पहिल्या पानावर, माझ्या नावानं."

"चालेल," संपादक म्हणाला.

त्याने एकदाही घासाघीस केली नाही. अडत्याकडे असं झालं असतं तर मी करंडी उलटी करून तळाची फळं बघितली असती. तिथे कागद होते आणि मला कागदाची करंडी उलटी करता येत नव्हती.

आठवडाभर कॉलेज सुटल्यावर मी तो रस्ता फिरले. खतांच्या दुकानदाराने मला बघून पोराला पाणी आणायला सांगितलं आणि म्हणाला, "अगं, तू तर डाळिंबवाली. आज काय घेऊन आलीस?"

"साहेबांचा वाढदिवस."

"तो तर दरवर्षीच येतो, न्हाई म्हणलं तरी येतो. माझा फोटो केवढा येईल ते सांग."

"समोरच्या ट्रॅक्टरवाल्याएवढा."

"त्याच्याएवढा कावून? त्यानं किती दिले?"

ट्रॅक्टरवाल्याकडे मी अजून गेलेच नव्हते. तिथून उठून त्याच्याकडे गेले आणि खतवाल्याचा फोटो केवढा येणार ते सांगितलं. संपादकाने जेवढं मागितलं होतं त्याहून मी जास्त आणलं. तो म्हणाला, इतक्या वर्षांत त्या रस्त्याने कुणी एवढं आणलं नव्हतं. मला बरं वाटलं हेही लिहिते.

वाढदिवसाच्या सकाळी भोंगा लावलेल्या जीपमधून अंकांचे गठ्ठे फाट्यावर टाकले गेले. मी बसची वाट बघत होते. पहिल्या पानावर साहेब, हात जोडलेले. त्यांच्याखाली चौकटीत माझं नाव, जाड अक्षरात. त्याच्यावर मथळा होता: माता-भगिनींच्या सन्मानासाठी झटणारे नेतृत्व.

मी तिथेच उभी राहून वाचलं. ओळी माझ्याच होत्या. कोरडं तोंड माझं होतं, चक्कर येऊन पडलेली मावशी होती, "घरी गेल्यावर" हेही होतं. फक्त त्यानंतर माझं कुलूप नव्हतं. त्याऐवजी साहेबांना ही व्यथा पाहवली नाही, त्यांनी स्वच्छतागृह उभारलं आणि आज शेकडो भगिनी त्यांना दुवा देतात, असं छापलं होतं.

बसमध्ये मी बसले नाही, बीडपर्यंत दांडी धरून उभीच होते. जिना चढून वर गेले तेव्हा संपादक चहा पीत होता. मी अंक त्याच्या टेबलावर आपटला, चहा त्याच्या पँटवर सांडला. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. खालचा मोबाईलवाला जिन्यात येऊन उभा राहिला होता.

संपादकाने रुमालाने पँट पुसली. "झालं? आता सांगा ताई, काय ठरलं होतं? तुमचं नाव. स्वच्छतागृहाची बातमी. पहिलं पान. यातलं काय कमी दिलं?"

आयुष्यभर मी लोकांना हेच ऐकवत आले होते, की ठरलं त्यात काय कमी आहे ते बोल.

"खुलासा छापा," मी म्हणाले.

"छापतो की. पण बातमी तुमच्या नावाची. म्हणजे तुमच्या नावानं खोटी बातमी आली होती असं छापावं लागंल. पुढच्या अंकात, पहिल्याच पानावर देतो. छापू?"

तो थांबला. खरंच थांबला होता, हातात पेन घेऊन. मी हो म्हटलं असतं तर त्याने छापलं असतं, याची मला आजही खात्री आहे. मग अब्बांनी तेही वाचून घेतलं असतं.

मी जिना उतरले. कॉलेजात जाऊन सरांना अंक दाखवला. त्यांनी तो आधीच पाहिला होता, हे त्यांच्या बसण्यावरून कळलं.

"तुम्ही पण जाहिराती आणायचात?" मी विचारलं.

"अजून आणतो," सर म्हणाले. "इथलं मानधन दिवाळीच्या आधीचं राहिलंय. तुमचं लिखाण चांगलं होतं, ते मात्र विसरू नका."

चांगलं होतं म्हणूनच संपादकाला ते उपयोगी पडलं, असं मी म्हणाले. सरांनी हजेरीपट उघडला आणि त्या दिवशी जे हजर नव्हते त्यांचीही नावं वाचली.

संध्याकाळी फाट्यावर उतरले तर अब्बांनी अंक गाड्याच्या पत्र्याला सुतळीने बांधला होता. त्यांना उर्दू येतं, मराठी अडखळत. म्हणून दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाकडून त्यांनी तो वाचून घेतला होता. कुणाला फुकट संत्रंही दिलं म्हणे. मला बघून उठायला गेले, गुडघ्यांमुळे परत बसले.

"नाम आ गया," ते म्हणाले. "शर्त पूरी. आगे का पढ़."

पुण्याला फोनही लावून झाला होता. भावाने स्टेटसला त्या पानाचा फोटो ठेवला आणि वर लिहिलं, माझी बहीण, पत्रकार. इतक्या वर्षांत त्याने माझ्याबद्दल चारचौघांत बोललेली ही पहिली गोष्ट. अब्बांना खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मामूंना फोनवर रिश्ता नको म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार, बाजाराचा. मी गाड्यावर होते. मावशीने मेथीच्या जुड्या मांडल्या, पाणी शिंपडलं, आणि मग पिशवीतून बाटली काढून घटाघटा प्यायली. मी तिला फाट्यावर पाणी पिताना कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापानं काल दिवसभर ज्याला त्याला वाचायला लावलं," ती म्हणाली. "लई चांगलं लिहिलंस माय. माझं पडलेलं पण घातलंस. उघडलं म्हणं आता."

मी डाळिंबं पुसत राहिले. कुलूप आहे हे मला सकाळीच दिसलं होतं. आदल्या दिवशी चौकटी काढल्या होत्या आणि मग परत आत ठेवल्या होत्या. तिला तेव्हाच सांगितलं असतं तरी पाणी तिच्या पोटात गेलेलं होतं.

दुपारी ती पदर खोचून उठली. मला म्हणाली, "जुड्यांवर ध्यान ठेव." ती गेली तिकडे मी पाहिलं नाही. थोड्या वेळाने आली. गर्दी ऐन भरात होती. ती न बसता, पाय जवळ घेऊन, उभ्या उभ्या जुड्या पोत्यात भरू लागली.

"कुलूप हाय," ती म्हणाली.

"हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. राहिलेल्या जुड्या शेजारच्या कांदेवाल्याला पडेल त्या भावात दिल्या आणि पोतं काखेत घेऊन रिक्षाकडे निघाली. तिला भाव करायची सवड नव्हती. अब्बा ओरडले, "मावशी, इतक्यात?" तिने मागे न बघता हात हलवला.

सोमवारी ती नेहमीच्या जागी होती. बाटली नव्हती. माझ्याशी दोन शब्द बोलली, मेथीच्या भावाबद्दल. माझ्या पिशवीत वही होती. पत्र्यावरचा अंक वाऱ्याने फडफडत होता आणि एक अनोळखी माणूस तो वाचत उभा होता.

"बस आयी," अब्बा म्हणाले. "जा, तेरा कॉलेज."

मी बसमध्ये जाऊन बसले.