भुयाराच्या तोंडाशी चपला

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतली काही जोडपी मिळून व्हिएतनामला गेलो, तेव्हा मला एकच धाक होता. ह्यांच्या हृदयात गेल्या वर्षी स्प्रिंग बसवली आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, पण दम लागेल असं काही करू नका म्हणून बजावलं होतं. हे ऐकतील तर ना.

तिथं एका जंगलात लढाईच्या वेळची भुयारं आहेत. वरून विमानं बॉम्ब टाकायची तेव्हा माणसं पोराबाळांसकट त्यात राहायची, असं टूरवाल्यानं बसमध्ये सांगितलं. आता लोक तिकीट काढून बघायला येतात. पाहुण्यांना बंदूक चालवून बघायचीही तिथं सोय आहे. त्यामुळं झाडीतून सारखा ठो ठो आवाज येत होता. मला तो सोसत नव्हता.

भुयाराच्या तोंडाशी कुणीतरी वाळूच्या वाटीत उदबत्त्या खोचून पिवळी फुलं वाहिली होती. तिथली गाइड मुलगी आणि टूरवाला पुढं होऊन आत शिरलेसुद्धा. शेजारच्या वहिनी उदबत्त्या बघून म्हणाल्या, "देवाचं ठिकाण हाय की! चपला काढा रं सगळ्यांनी." एकानं काढल्या की सगळे काढतात. जोतिबाला जावो की नरसोबाच्या वाडीला, चपलांपाशी बसायचं काम माझं ठरलेलं. गर्दीत शिरण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

"अवो, तुम्ही पण बसा हितंच," मी हळूच म्हणाले.

"एवढ्या लांब येऊन चपला राखू व्हय? तू राख. आलोच बघून."

आधी वाकून, मग गुडघ्यावर रांगत हे आत गेले. तळव्याला लागलेली लाल माती तेवढी शेवटी दिसली.

मी बसून राहिले. मागून गोरी माणसं आली, बूट घालूनच आत गेली, तीही परत येईनात. जाणारे दिसत होते, येणारा एकही नाही. देवळात असं होत नाही. तेवढ्यात पुन्हा ठो ठो झालं. हे आत कुठंतरी छाती धरून बसलेत आणि मागच्यांना पुढं सरकता येत नाही, असंच डोळ्यांपुढं यायला लागलं.

मी घरातसुद्धा कधी आवाज चढवत नाही. पण त्या तोंडात मान घालून ओरडले, "अवो! अवो, ऐकताय का?" पुन्हा ओरडले. मग किती वेळा, ते मला आठवत नाही.

जवळच एक म्हातारी बाई पाला झाडत होती. ती धावत आली. तिनं माझ्याकडं बघितलं, चपलांच्या ढिगाकडं बघितलं आणि तोंडाला हात लावून हसली. पाल्याची पाटी रिकामी करून तिनं चपला त्यात भरल्या, माझा हात धरला आणि झाडांमधून चालू लागली.

थोडंसंच गेलो असू. पुढं भुयाराचं दुसरं तोंड होतं. आपलं सगळं मंडळ तिथं अनवाणी उभं, तापलेल्या वाटेवर एक पाय उचल, दुसरा टेक असं करत. हे बाकावर बसले होते. अंग घामानं भिजलेलं, गुडघे लाल, आणि हातात तिथं खायला दिलेल्या उकडलेल्या कंदाचा तुकडा.

"कोन बोंबलत हुतं गं तिकडं?" हे म्हणाले. "मला वाटलं कुनाची म्हस सुटली."

"दाजी, खरं सांगा की," वहिनी म्हणाल्या. "मधी बसलासा न्हवं का फतकल मारून? तिची हाक आली तवा कुठं हललासा."

"गप की वो वहिनी," हे म्हणाले आणि अर्धा कंद माझ्या हातावर ठेवला. रताळ्यासारखा लागला. खाता खाता मला हसू येत होतं.

गाइड मुलगी आणि ती म्हातारी काहीतरी बोलत होत्या. टूरवाल्यानं विचारून सांगितलं, की लढाईत ह्या म्हातारीचे वडील असेच भुयारात होते आणि हिची आई घरी वाट बघत बसायची. मी परक्या माणसाला आपण होऊन कधी काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "आले का वो तिचे वडील परत?"

"आले म्हणतीय. म्हातारे होऊन गेले."

मला इतकं बरं वाटलं, की मी तिचे दोन्ही हात धरले. पाटीतल्या चपला वाटताना तिनं ह्यांची जोडी मात्र माझ्याच हातात दिली. कशी ओळखली कोण जाणे.

आता कुठल्याही देवळात गेलो तरी चपलांपाशी मीच बसते. फक्त बसायच्या आधी विचारून घेते, "अवो, बाहेर कुठनं येनार?"

हे चिडतात. पण सांगतात.