समुद्रकाठच्या हॉटेलात मी वाढलेली पंगत

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका. माझ्या हातून घोटाळे पुष्कळ झाले, पण अब्रूही घालवली आणि बहिणीचं लग्नही जमवून आलो, असा घोटाळा एकच.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या मंगलला मुंबईचं स्थळ आलं होतं. मुलगा सोमनाथ, बँकेत नोकरीला. आत्याला घेऊन तो मानवतला आला, मुलगी बघितली, पसंत म्हणाला. राहिले होते फक्त त्याचे वडील. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि तब्येतीमुळं ते आले नव्हते. सोमनाथनं पत्र टाकलं: आमची खोली लहान आहे, तुम्हीच मुंबईला या, समुद्रासमोरच्या इटालियन हॉटेलात संध्याकाळी सातला बसू. तिथं शाकाहारी मिळतं.

मंगलची आधीची तीन स्थळं मोडली होती. वडील गेल्यापासून कर्ता मी, त्यामुळं तिन्ही वेळा आईनं माझ्याकडंच बघितलं होतं. निघताना ती म्हणाली, "नागनाथ, व्याह्याचा मान राख. येवढं एक सांभाळ, दुसरं काई मागत न्हाई मी."

आता व्याह्याचा मान राखायला मला शिकवायचं? मानवतात पोटापाण्याला मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, पण नाव होतं ते वाढपी म्हणून. लग्न कुणाचंही असो, बुंदीची परात माझ्याकडं. माणूस नको नको म्हणत ताटावर आडवा हात धरायचा, आणि मी बोटांच्या फटीतून वाढून पुढं जायचो. आमची रीतच आहे, व्याही जेवून उठेपर्यंत मुलीकडच्यानं घास घ्यायचा नाही आणि वाढायचं ते आपल्या हातानं.

मानवत रोडवर मीटरगेजची गाडी धरली, मनमाडला बदलली, आणि मी अन् मामा मुंबईत उतरलो. पिशवीत व्याह्यासाठी टॉवेल, टोपी आणि नारळ. उशीर नको म्हणून हॉटेलापाशी सहालाच हजर. मामांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. ते समोरच्या कठड्यावर बसले ते बसलेच. म्हणाले, "तू हो म्होरं. मला ह्ये पानी बघू दे. पलीकडचा काठच दिसंना गेलाय."

मी एकटा आत शिरलो. पांढरेशुभ्र टेबलपोस, उजेड असतानाच पेटवलेल्या मेणबत्त्या. गळ्याला काळी फीत बांधलेला वेटर पुढं आला. मी आपल्या मराठवाडी हिंदीत विचारलं, "मियाँ, हमारे लोगां किधर बैठते?"

"पार्टी है क्या?"

"हौ, पार्टीच समझो."

त्यानं मला खिडकीजवळच्या लांबलचक टेबलाकडं नेलं. थोड्या वेळात तिथं माणसं आली. एक नाही, दोन नाही, चांगली बारा. सगळे सुटाबुटात, आणि मधोमध एक धिप्पाड गृहस्थ, गळ्यात झेंडूचा हार. बैठकीला हार घालून कोण येतं? नवऱ्या मुलाचा बाप. सोमनाथ दिसत नव्हता, पण तो बँकेतून परस्पर येणार होता. मी मनात म्हटलं, खानदान मोठं आहे, मंगलनं नशीब काढलं.

मी हात जोडले. हारवाल्यांनीही जोडले. एवढ्यात वेटर भलीमोठी बशी घेऊन आला. तिच्यात शेवया, पण एकेक शेवई हातभर लांब, वर टमाट्याचा लालभडक रस्सा. तो चिमट्यानं मोजूनमापून वाढायला लागला. चिमट्यानं? माझ्या व्याह्याला? मी पायजमा वर खोचला आणि त्याच्या हातातून बशी घेतली.

मग काय विचारता. हारवाल्या साहेबांपासून सुरुवात केली. शेवई ताटात पडायला तयार नाही, म्हणून हात पार डोक्याच्या वर नेला आणि वरून अलगद सोडली. टेबलावर हशा पिकला. एक बाई "बस, बस" म्हणाल्या, त्यांना दुप्पट वाढलं. एकानं आपल्या ताटावर हात धरला, त्याच्या मनगटावर शेवया गेल्या. "लाजू नका, आपलंच घर समजा," असं म्हणत मी तीन फेऱ्या मारल्या. लसणाचा पाव आला, तो वाढला. भाजलेली मॅकरोनी आली, ती खरवडून वाढली. दुसरे वेटर माझ्या मागं रांगेत उभे राहून मी मागेन ते हातात देत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या लहान टेबलावरून हाक आली. धोतर, टोपी, जाड चष्मा, एकटा म्हातारा. हॉटेल चुकून आत आला असावा असा.

"ओ भाऊ, हिकडं बी येऊ द्या की. लय भूक लागलीय."

"बाबा, जरा दमानं घ्या," मी म्हणालो. "आधी आमचे व्याही, मंग बाकीचे."

"व्याही? कुठले म्हनायचे तुमी?"

"मानवतचे. बहिणीची सोयरीक जुळवायलोय."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग हारवाल्या साहेबांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाण्याचा ग्लास पुढं ओढून म्हणाला, "असं व्हय. मंग वाढा. तुमचं चालू द्या."

मला त्याचा स्वभाव आवडला. गरीब माणूस, पण समज होती.

जेवणं झाली. मी साहेबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. सगळं टेबल उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. साहेबांचे डोळे भरून आले. "थँक्यू, थँक्यू" म्हणत त्यांनी मला कडकडून मिठी मारली. म्हणजे व्याहीभेट झाली. मला वाटलं, आई आत्ता इथं असायला पाहिजे होती. तीन स्थळांचं उट्टं एका बशीत काढलं होतं मी. खरंच, इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. बायको घरात नाही म्हणून सांगतो.

आणि बँकेत अडकलेला सोमनाथ तासभर उशिरा दारातून आला, मागून मामा.

"नागनाथराव, तुमी हितं काय करायलाव?"

"काय म्हणजे? बाबांना जेवू घातलं, टोपी घातली, भेट झाली. पक्कं झालं की सगळं."

"कुणाच्या बाबांना?"

मी टोपीवाल्या साहेबांकडं बोट दाखवलं. सोमनाथनं माझं बोट धरून कोपऱ्याकडं वळवलं. म्हातारा ग्लासातलं पाणी पीत होता. तिसरा ग्लास असावा.

झालं होतं असं. साहेब त्या दिवशी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि कचेरीनं त्यांना जेवण दिलं होतं. कचेरीवाल्यांना वाटलं, मी हॉटेलनं मुद्दाम ठेवलेला माणूस. हॉटेलवाल्यांना वाटलं, मी साहेबांचा गावाकडचा भाऊबंद. मला हटकणार कोण?

मंगलचा चेहरा डोळ्यांसमोर आला. साडी नेसून चौथ्यांदा कुणापुढं बसायचं तिला? मामा कानात म्हणाले, "जा, नारळ तरी परत आन." दिलेला नारळ परत मागतात का? मी रिकाम्या हातानं कोपऱ्यात गेलो आणि वाकून पाय धरले.

"बाबा, चुकलो. शिक्षा मला करा, माझ्या बहिणीला नका करू. ती माझ्यासारखी नाही."

"ऊठ," म्हातारबा म्हणाले. "म्या ताडकळसचा, तुमच्याच मुलखातला. तीस वरीस गोदीत कापसाच्या गाठी मोजल्या, पर मानवतची पंगत इसरलो न्हाई. तू मानवत म्हनलास तवाच मी वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पानी पीत बघत बसलो. परक्याला येवढ्या मायेनं जेवू घालनाऱ्या घरची पोरगी कशी आसंल, ते मला कळलं. पोरगी पसंत हाय."

मी मामांकडं बघितलं, मामांनी माझ्याकडं बघितलं.

"पर एक अट हाय," म्हातारबा म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. आता हुंड्याचं निघणार, दुसरं काय? मी धीर करून म्हटलं, "सांगा बाबा, आमच्या ऐपतीत असंल तर."

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "लग्नाच्या पंगतीत ह्याच्या हाती परात द्यायची न्हाई. ह्याला व्याही वळखू येत न्हाई, म्या दुसऱ्यांदा उपाशी ऱ्हाईन."

मी तोंड उघडायच्या आत मामांनी अट कबूल केली.