जुन्या मार्क्यावर काट

पाठीनं साथ सोडली तेव्हा मी साठीला आलो होतो. कांदा-बटाट्याच्या बाजारात उभा जन्म पोती वाहिली. आधी मुंबईत, आणि बाजार वाशीला आला तसा त्याच्या मागोमाग इकडं. नव्वद सालानंतरची गोष्ट सांगतोय. सानपाड्यात आमचं तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. आजूबाजूला इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. बायको साताऱ्याकडं गावी, म्हैस आणि घर सांभाळून. मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पोवर. सकाळी अंधारात जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. त्या वर्षी सुनेला बेलापूरला ऑफिसात नोकरी लागली, आणि चार वर्षांच्या नातीचं दिवसभर काय करायचं हा प्रश्न उभा राहिला.

"मामा, पुढच्या सेक्टरात पाळणाघर आहे," सून म्हणाली. "चांगलं आहे म्हणतात."

"आणि मी काय मेलोय?"

"तसं कुठं म्हणाले मी? पण मूल सांभाळणं म्हणजे नुसतं जेवू घालणं नसतं. तिच्याशी खेळायला पाहिजे, चित्रं काढून घ्यायला पाहिजेत, वाचून दाखवायला पाहिजे. जूनमध्ये शाळेत घालायचंय. तोवर अक्षरं तरी ओळखता यायला हवीत."

"येतील. माझी नात परक्याच्या घरात रांगेत बसून डबा खाणार नाही. विषय संपला."

मी असा आवाज लावला की तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी पंचाईत होती. माझी शाळा दुसरीतच सुटली. सही यायची, आकडे सगळे यायचे, अक्षरं मात्र निम्मी यायची आणि निम्मी नाही. हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं. मुलगा आणि सून रोज सकाळी मला पेपर उघडून बसलेला बघायची. बाजारभावाचे आकडे आणि फोटो, एवढ्यावर पेपरातलं बरंच कळतं.

पहिल्या दिवशी सून कामाला गेली आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. मग नात म्हणाली, "आबा, खेळ काढा."

मला एकच खेळ येत होता, बाजार. शेजारपाजारच्या घरांतून काड्यापेट्यांचे रिकामे डबे गोळा केले. एका डब्यात मसूर, एकात रेती, एकात चिंचोके. ही झाली पोती. फरशीवर खडूनं चौकोन आखले, ते गाळे. पाठीवर दोन काड्यापेट्या घेऊन पोरगी वाकून चालायची आणि "बाजू, बाजू" म्हणून ओरडायची. ते मी शिकवलं नव्हतं, पण अगदी बरोबर होतं.

पोती झाली म्हणजे मार्के आले. मार्का म्हणजे पोत्यावर रंगानं काढलेली खूण. कुणाचा पतंग, कुणाची घंटा, कुणाचे दोन त्रिकोण. आमच्या हमालांच्या टोळीत वाचता येणारे थोडेच होते, पण मार्का बघून कुठलं पोतं कुठल्या गाळ्यावर टाकायचं यात कुणी चुकत नसे. मी बटाटा अर्धा कापायचो, चाकूनं त्यावर पतंग कोरायचो, आणि नात तो गेरूत बुडवून काड्यापेटीवर दाबायची. हळदीचा पिवळा झाला, कपड्याच्या निळीचा निळा झाला. कांद्याची सालं उकळली की चांगला तांबूस रंग निघतो, हे मलाही तेव्हाच कळलं. महिनाभरात घरातल्या प्रत्येक वस्तूला मार्का लागला. तांदळाच्या डब्यावर सूर्य, आरशामागं मासा, बापाच्या उशीवर टेम्पोचं चाक. त्या उशीवरून बाप रागावला, मग त्याच उशीवर झोपला.

ती आता स्वतःच मार्के शोधायला लागली होती. कागदावर काढायची, मला दाखवायची आणि विचारायची, "हा कुणाचा?" मी म्हणायचो, "तुझा माल, तूच सांग." मग ती सांगायची, आणि एवढ्याशा तोंडानं लांबलचक सांगायची. हा मासा, त्याला खाडीत घर नाही, म्हणून तो आरशामागं राहायला आला. चित्रं, गोष्टी, सगळं चाललं होतं. फक्त अक्षरांपाशी मी जात नव्हतो. सुनेनं विचारलं की म्हणायचो, "आधी हात वळू दे."

त्याच खेळात मी तिला बाजाराचा एक कायदा शिकवला. रिकामं पोतं दुसऱ्या मालाला वापरायचं असेल, तर आधी जुन्या मार्क्यावर काळी काट मारायची, मगच नवा मार्का लावायचा. एका पोत्यावर दोन मार्के राहिले की माल भलत्या गाळ्यावर जातो. आमच्या टोळीकडून एकदा असं झालं होतं. दोन व्यापाऱ्यांनी आणि मुकादमानं आम्हाला दुपारपर्यंत शिव्या घातल्या. हे मी तिला रंगवून सांगितलं, शिव्या सोडून. खेळासाठी बाजारातून मार्क्याच्या काळ्या रंगाची लहान डबी आणि काथ्याचा ब्रशही आणून दिला.

दिवाळी झाली आणि सुनेनं अक्षरांचं पुस्तक आणलं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाचं होतं, परत करायचं होतं. प्रत्येक पानावर एक मोठं अक्षर आणि खाली चित्र. "मामा, आता रोज एक पान घ्या," ती म्हणाली. मी पुस्तक घेतलं आणि आठ दिवस नुसती चित्रं दाखवली.

शुक्रवारी दुपारी मी बटाटा कोरत बसलो होतो. मागून नात म्हणाली, "आबा, जुन्या मार्क्यावर काट मारायचीच ना?"

"मारायचीच," मी वर न बघता म्हणालो.

संध्याकाळी सून आली. पुस्तक खाटेवर वाळत ठेवलेलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेका अक्षरावर काळ्या रंगाची फुली, नीट, कुठं ओघळ नाही. शेजारी नातीनं स्वतःचा मार्का काढलेला. कमळाच्या पानावर कमळाचा, खटाऱ्याच्या पानावर दोन चाकांचा.

सून बराच वेळ पानं उलटत राहिली. "हे काय केलंस?"

"जुने मार्के होते. आबांना विचारलं मी."

"मामा, तुम्ही सांगितलंत?"

तेव्हा चुकलं म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "बरोबर केलं तिनं. कायदा पाळला."

"दुसऱ्याचं पुस्तक होतं ते."

"दुसरं आणून देऊ."

"पुस्तक आणता येईल. चार महिन्यांत पोरीला एक अक्षर येत नाही, त्याचं काय आणणार?" तिनं पुस्तक मिटलं. "सोमवारपासून तिला पाळणाघरात ठेवते. आता मला काही सांगू नका."

शनिवारी सुनेला सुट्टी होती; मी दिवस बागेतल्या बाकावर काढला. जेवायलाही उशिरा आलो. कुणी समजूत काढली नाही. रविवारी दुपारी घरी आलो तर माझी नात फरशीवर बसून ओल्या फडक्यानं पुस्तकाचं पान घासत होती. आईनं सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच काढलं होतं. रंग तेलाचा, तो कसला निघतोय. सून बाजूला तांदूळ निवडत होती, पाळणाघराला न्यायची पिशवी कोपऱ्यात भरून ठेवलेली.

"आबा," नातीनं पान माझ्यासमोर धरलं. "ह्याच्याखाली काय होतं?"

चित्रात धनुष्यबाण होता; धनुष्याचं अक्षर की बाणाचं, ते ठरेना. काळ्या फुलीच्या कडेनं अक्षराचा अर्धा पाय दिसत होता.

"सांगा की तिला, मामा," सून म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की मी सांगेन.

आयुष्यात मी शंभर किलोचं पोतं उचललंय. एवढं जड काही वाटलं नव्हतं.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"फुली आहे म्हणून?"

"फुली नसती तरी आलं नसतं. निम्मी येतात, निम्मी नाही. म्हणून तर तिला शिकवली नाहीत. तिचा दोष नाय त्यात."

सुनेचा हात ताटात थांबला. "आणि रोजचा पेपर?"

"आकडे बघतो. फोटो बघतो."

"मी लग्न होऊन आल्यापासून? पाच वर्षं?"

"त्याच्याआधीपास्नं."

तिला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण दाबलं गेलं नाही. मला राग यायला हवा होता; आला नाही. मग ती म्हणाली, "मला एकदा सांगायचं तरी."

"आज सांगितलं ना. आता ऐक. मला एक महिना दे. सकाळी जाताना तू मला तीन अक्षरं दाखवून जा. दिवसभर आम्ही दोघं बघतो. संध्याकाळी आम्हाला दोघांनाही विचार. महिन्यानं आलं नाही तर खुशाल पाळणाघरात टाक, मी चकार शब्द काढणार नाही."

तिनं निवडलेले तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं आणि मग कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसली.

दुसऱ्या दिवशी वाशीला गेलो आणि दुकानदाराला मुखपृष्ठ दाखवून तसंच नवं पुस्तक आणलं. ते मैत्रिणीला गेलं, काळं झालेलं आमच्याकडं राहिलं. त्यात आम्ही आमची अक्षरं भरायची ठरवलं. बटाट्यावर मी पहिलंच अक्षर कोरलं ते 'क'. कागदावर दाबलं आणि नात म्हणाली, "आबा, हा पलीकडं बघतोय." ठसा उलटा उमटला होता. पतंगाला आणि घंटेला दोन्ही बाजू सारख्या, तिथं हे कळलंच नव्हतं. मग युक्ती निघाली. सुनेनं लिहिलेला कागद खिडकीच्या काचेवर धरायचा, मागच्या बाजूनं बघायचं आणि दिसतं तसं कोरायचं. कागद नात धरायची, कोरायचो मी. हात हलला की मी ओरडायचो, रेघ चुकली की ती. एक अक्षर कोरायला अर्धा तास जायचा, आणि अर्धा तास ज्याच्याकडं टक लावून बघितलं ते काय विसरतं माणूस? पुढं ती अक्षरांनाही गोष्टी लावायला लागली. कुणाच्या पोटात गाठ, कुणाच्या पाठीवर पोतं.

संध्याकाळी सून चपला काढायच्या आधीच आमची तपासणी करायची. पहिल्या आठवड्यात मी पुढं होतो, माझी निम्मी आधीचीच होती ना. दुसऱ्या आठवड्यात पोरीनं मला गाठलं. तिसऱ्यात मागं टाकलं, आणि शेजारणींना सांगत सुटली.

महिना भरला त्या रविवारी सुनेनं आम्हाला भिंतीला टेकवून शेजारी शेजारी बसवलं. मुलगाही त्या दिवशी घरी होता, तो दारात उभा राहून बघत होता. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याला आपोआप कळलं. तो आत येऊन माझ्या बाजूला बसला.

नातीनं सगळी अक्षरं सांगितली. तीन ठिकाणी अडली, पण सांगितली. माझी पाळी आली. 'घ' दाखवला, मी 'ध' म्हणालो. 'भ' दाखवला, 'म' म्हणालो.

"पोरगी पास," सून म्हणाली. "आता मामांचं काय करायचं?"

मी तोंड उघडणार तोच नात म्हणाली, "आबांना पाळणाघरात टाक."

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. सून पाणी आणायला उठली. जाता जाता कोपऱ्यातली ती भरलेली पिशवी तिनं उचलली आणि आतले कपडे काढून कपाटात ठेवले. पाण्याचा तांब्या मुलाच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, उद्यापासून बाराखडी. आणि पोरीनं चूक काढली की रुसायचं नाही."

"रुसतो कोण?" मी म्हणालो, आणि 'घ'चं पान पुन्हा उघडलं.